रुमाल टाकला म्हणजे जागा झाली का? विद्यापीठाच्या रीडिंग हॉलमधल्या खुर्चीचं गणित

(या भागाची लिखित प्रत. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘बरं का’ शक्य तितके काढले आहेत. सगळे निघालेले नाहीत.)



तुम्ही हे आत्ता रीडिंग हॉलमध्ये बसून इअरफोनवर ऐकत असाल, तर एक काम करा. मान वर करा आणि मोजा. किती खुर्च्यांवर माणसं आहेत? आणि किती खुर्च्यांसमोर नुसती सॅक, पाण्याची बाटली, एखादा स्कार्फ किंवा उघडं ठेवलेलं रजिस्टर आहे?

दुसरा आकडा बऱ्यापैकी मोठा आला ना? आजचा विषय तोच. विद्यापीठाच्या ग्रंथालयात जागा धरून ठेवणं. हे इतकं सगळीकडे का चालतं, त्यात नुकसान नक्की कुणाचं होतं, वेगवेगळ्या देशांतल्या विद्यापीठांनी त्यावर काय उपाय केले, आणि आपल्या रीडिंग हॉलमध्ये त्यातलं काय जमेल, हे बघू.

[०१:२०] एसटीचा रुमाल

जागा धरणं आपल्याला कुणी शिकवायला लागत नाही. एसटी स्टँडवर गाडी लागली की खिडकीतून रुमाल आत जातो. रुमाल नसेल तर टोपी, पिशवी, कधीकधी घरातलं सगळ्यात बारीक पोर. आणि गंमत म्हणजे अख्खी गाडी त्या रुमालाचा मान ठेवते. “इथे रुमाल टाकलाय” म्हटलं की माणूस कुरकुरत का होईना, पण पुढे सरकतो.

आता हा कायदा एसटीत का चालतो, ते नीट बघा. कारण गाडी दहा मिनिटांत सुटणार असते. रुमालवाला तोवर आला तर बसतो, नाही आला तर कंडक्टर डबल बेल देतो आणि जागा आपोआप मोकळी होते. म्हणजे रुमालाला एक मुदत असते, फक्त ती कुठे लिहिलेली नसते.

रीडिंग हॉलमध्ये आपण तोच रुमाल टाकतो, पण तिथे गाडी सुटतच नाही! सकाळी आठला ठेवलेली बॅग रात्री आठपर्यंत जागा धरून बसू शकते. मला या सगळ्या विषयाचं मूळ इथे दिसतं. जागा धरणं हा दोष नाही. धरलेल्या जागेला मुदत नसणं, हा दोष आहे.

[०३:००] बॅगेत एवढी ताकद येते कुठून?

याचा अभ्यास झालेला आहे, आणि तोही ग्रंथालयातच. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस कॅम्पसमधले मानसशास्त्राचे अभ्यासक रॉबर्ट सॉमर आणि त्यांचे सहकारी फ्रँकलिन बेकर यांनी रिकाम्या जागांवर वेगवेगळ्या वस्तू ठेवून पाहिलं की ती जागा किती वेळ रिकामी राहते. हा शोधनिबंध १९६९ साली प्रसिद्ध झाला.

त्यांना दिसलं ते तुम्हाला ओळखीचं वाटेल. खूण असलेली खुर्ची बिनखुणेच्या खुर्चीपेक्षा जास्त वेळ रिकामी राहते. पण सगळ्या खुणा सारख्या नसतात. ग्रंथालयाचीच मासिकं पडलेली असतील तर लोक ती बाजूला सारून बसतात. कुणाचा तरी कोट किंवा वही असेल, तर मात्र हात लावत नाहीत. वस्तू जितकी खासगी, तितकी तिची ताकद जास्त. म्हणून आपण टेबलावर वर्तमानपत्र नाही ठेवत, सॅक ठेवतो.

आणखी एक गोष्ट म्हणजे शेजारी. “इथे कुणी बसलंय का?” असं थेट विचारलं, तर शेजारचा माणूस जागेची बाजू घेतो. आपणहून मात्र तो फारसा मध्ये पडत नाही.

याच्याशी जुळणारा दुसरा एक प्रयोग आहे, थॉमस मोरियार्टी यांचा, १९७५ सालचा. न्यूयॉर्कजवळच्या समुद्रकिनाऱ्यावर एक माणूस आपला रेडिओ ठेवून निघून जायचा आणि दुसरा येऊन तो उचलायचा. दोघंही प्रयोगातलेच. जाताना शेजाऱ्याला “जरा लक्ष ठेवाल का?” असं सांगितलं असेल, तर २० पैकी १९ जणांनी ‘चोराला’ अडवलं. तसं सांगितलं नव्हतं, तेव्हा २० पैकी फक्त ४ जणांनी!

म्हणजे “जरा बघशील का गं, आलेच” हे वाक्य कुलपापेक्षा भारी आहे. पण हे लक्षात असू द्या की तुमच्या शेजारणीने ‘हो’ म्हटलं, की ती तुमच्या जागेची राखणदार झाली. तुम्ही दोन तास आला नाहीत, तर नवीन येणाऱ्याशी वाद तिला घालावा लागतो. अभ्यास तिचा बुडतो.

[०५:१०] आता थोडं गणित

घाबरू नका, सोपं आहे. आकडे नुसते समजण्यासाठी घेतलेत.

समजा हॉलमध्ये १०० खुर्च्या आहेत आणि हॉल १२ तास उघडा असतो. म्हणजे दिवसाचे १,२०० खुर्ची-तास. समजा १५० विद्यार्थ्यांना तिथे अभ्यास करायचाय आणि प्रत्येक जण दिवसभरात प्रत्यक्षात ५ तास बसतो. लागणारे तास किती? ७५०. म्हणजे हिशेबाने ४५० तास उरतात. जागा पुरून उरली!

आता दुसरं चित्र. पहिले १०० जण सकाळी येतात, बॅग ठेवतात आणि संध्याकाळपर्यंत जागा धरतात. बसतात तेवढेच, प्रत्येकी ५ तास. वापरले गेले ५०० तास. ७०० तास खुर्च्यांवर बॅगा बसल्या. आणि ५० मुलांना मिळाले शून्य तास.

दोन्ही चित्रांत खुर्च्या तेवढ्याच आहेत. पहिल्या शंभर जणांचा अभ्यास एका मिनिटानेही वाढला नाही. तरी ५० जण बाहेर.

खरं आयुष्य इतकं सरळ नसतं, मान्य आहे. सगळ्यांना ११ ते ५ हीच वेळ हवी असते आणि परीक्षेच्या आठवड्यात तर खरोखरच खुर्च्या कमी पडतात. पण “जागा कमी आहेत” असं म्हणण्याआधी “बॅगा किती जागा खातायत?” हे विचारायला हवं. पहिल्या प्रश्नावर उपाय म्हणजे नवी इमारत. दुसऱ्यावर उपाय म्हणजे एक नियम. नियम स्वस्त पडतो.

[०७:००] यात हरतं कोण?

मला हा विषय का लागतो, ते सांगते. एमए करताना मी रोज एसटीने यायचे, जाता-येता मिळून तीन तास. पहिली गाडी पकडली तरी विद्यापीठात पोचायला सव्वादहा व्हायचे. रीडिंग हॉल आठला उघडायचा. कॅम्पसवरच्या हॉस्टेलमधली मुलं आठला बॅगा ठेवून परत नाश्त्याला, अंघोळीला जायची. मी पोचायचे तेव्हा हॉल अर्धा रिकामा असायचा आणि जागा एकही नसायची. मग जिन्याच्या पायरीवर किंवा कँटीनच्या टेबलावर बसून वाचायचं, कँटीनवाले काका उठवेपर्यंत.

‘जो आधी येईल त्याला जागा’ हा नियम ऐकायला एकदम न्याय्य वाटतो. पण आधी कोण येऊ शकतं? जो जवळ राहतो तो. लांबून येणारी, सकाळी घरी स्वयंपाक उरकून येणारी, अर्धवेळ नोकरी करणारी मुलं या शर्यतीत रोज हरतात. आणि बहुतेक वेळा त्यांनाच त्या खुर्चीची जास्त गरज असते. घरी एक खोली, त्यात पाच माणसं आणि चालू असलेला टीव्ही असेल, तर ग्रंथालयातली खुर्ची हेच तुमचं एकमेव टेबल असतं.

ज्यांच्याकडे पैसे आहेत त्यांनी मार्ग काढलाय. पुण्यात सदाशिव पेठेत, नवी पेठेत फिरा. स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांसाठी गल्लोगल्ली खासगी अभ्यासिका आहेत. महिन्याचे पैसे भरा, तुमचं टेबल तुमचं. लॅम्प तुमचा, भिंतीवरचं टाइमटेबलही तुमचं. त्यात गैर काहीच नाही. पण विद्यापीठाचा हॉल असतो तो ज्यांना हे पैसे परवडत नाहीत त्यांच्यासाठीही. तिथेही टेबलं ‘ज्याची त्याची’ झाली, तर या मुलांनी जायचं कुठे?

आता दुसरी बाजू. बॅग ठेवणारी मुलं खलनायक नाहीत. लेक्चर ५० मिनिटांचं, मेसची रांग अर्ध्या तासाची. तेवढ्यात जागा गेली तर दिवस गेला, ही भीती खरी आहे. मी उठले की दुसरं कुणी बसणार, म्हणून मी बॅग ठेवते. मी बॅग ठेवते म्हणून दुसरीला जागा मिळत नाही. म्हणून उद्या तीही लवकर येऊन बॅग ठेवते. एकमेकींना घाबरून आपण सगळ्या मिळून हॉल भरून टाकतो. तोही रिकामाच!

[०९:३०] जर्मनी, कोरिया, चीन: तिघांचे तीन मार्ग

हे फक्त आपल्याकडे होतं असं समजू नका. कोरियन भाषेत तर ग्रंथालयाची जागा ‘खासगी करून टाकणं’ अशा अर्थाचा खास शब्दच रूढ आहे.

पहिला मार्ग जर्मनीचा. आपल्याकडची बरीच मुलं हल्ली तिकडे मास्टर्सला जातात, त्यांना हे माहीत असेल. जर्मनीत गाडी पार्क करताना काचेमागे पुठ्ठ्याचं एक निळं घड्याळ ठेवतात, किती वाजता गाडी लावली ते दाखवायला. तिथल्या अनेक विद्यापीठांच्या ग्रंथालयांनी हीच कल्पना उचलली. उठताना टेबलावर पुठ्ठ्याची चकती ठेवायची आणि तिच्यावर निघायची वेळ लावायची. बऱ्याच ठिकाणी सुट्टी साधारण तासाभराची असते. वेळ उलटली किंवा चकतीच नसली, तर सामान बाजूला ठेवून ती जागा दुसऱ्याला घेता येते. ना अॅप, ना वीज, ना पासवर्ड. एसटीच्या रुमालाला त्यांनी घड्याळ बांधलं, एवढंच!

दुसरा मार्ग दक्षिण कोरियाचा. तिथल्या विद्यापीठांत रीडिंग हॉलच्या दाराशी मशीन असतं. आयकार्ड टेकवा, स्क्रीनवर नकाशा दिसतो, रिकामी खुर्ची निवडा. ती ठरावीक तासांपुरती तुमच्या नावावर होते. वेळ संपत आली की मुदत वाढवून घ्यायची. नाही वाढवली, तर खुर्ची आपोआप मोकळी. आता हे बऱ्याच ठिकाणी मोबाइलवरही होतं.

तिसरा मार्ग चीनचा. तिथे बऱ्याच विद्यापीठांत मोबाइलवरून जागा बुक करतात. ठरलेल्या वेळेत पोचून टेबलावरचा क्यूआर कोड स्कॅन करायचा, नाहीतर बुकिंग रद्द. जेवायला जाताना ‘तात्पुरता बाहेर’ असं बटण दाबायचं. वारंवार बुक करून न येणाऱ्याला काही दिवस बंदी.

तिन्ही मार्गांत सारखं काय आहे, ते बघा. जागा धरायची परवानगी तिघंही देतात, पण प्रत्येक जण त्या धरण्याला मुदत लावतो, आणि ती मुदत इतरांना दिसेल अशी ठेवतो.

[११:४०] “मग आपणही अॅप आणू या की!”

हे मला नेहमी ऐकायला मिळतं. आणा, पण डोळे उघडे ठेवून आणा. कारण अॅप आलं की नवी शर्यत सुरू होते.

बुकिंग रात्री बाराला उघडलं, तर जागा कुणाला मिळणार? ज्याच्याकडे वेगवान नेट आहे त्याला. चीनमध्ये तर मुलांनी आपोआप जागा पटकावणारे छोटे प्रोग्रॅम लिहिले, आणि ते इंटरनेटवर उघड फिरतात. क्यूआर कोड कागदावर छापून चिकटवला असेल, तर त्याचा फोटो व्हॉट्सअॅप ग्रुपवर जातो आणि रूममेट अंथरुणात पडल्या पडल्या ‘हजर’ होतो. मित्राच्या आयकार्डवर दुसरी जागा घेतली जाते. आधी निदान बॅग आणून ठेवायला हॉलपर्यंत चालत तरी यावं लागायचं!

यावर उपाय आहेत. क्यूआर कोड ठरावीक वेळाने बदलणारा ठेवता येतो. प्रवेशाच्या गेटवर आयकार्डाची नोंद झाली असेल तरच बुकिंग चालू होईल, असं करता येतं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे काही खुर्च्या बुकिंगशिवायच्या ठेवायच्या. ज्याचा फोन बंद पडलाय, ज्याचा डेटा संपलाय, जो लांबून अचानक आलाय, त्याच्यासाठी.

मुद्दा असा की अॅप घड्याळ देतं, न्याय देत नाही. न्याय कसा करायचा, ते आपल्यालाच ठरवावं लागतं.

[१३:००] खानदेशातली पाळी

ठरवायचं कसं? याचं उत्तर शोधण्यात एलिनॉर ऑस्ट्रम यांचं आयुष्य गेलं. सगळ्यांच्या मालकीची गोष्ट लोक ओरबाडून संपवतात, हा समज गॅरेट हार्डिन यांच्या १९६८ च्या लेखामुळे घट्ट झाला होता. ऑस्ट्रम यांनी जगभरातली कुरणं, मासेमारी, पाटपाणी यांचा अभ्यास करून दाखवलं की असं होतंच असं नाही. लोक एकत्र बसून नियम करतात आणि ते पिढ्यान्‌पिढ्या पाळतात. १९९० साली त्यांचं यावरचं पुस्तक आलं आणि २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला.

लांब कशाला जायचं? आपल्या धुळे-नाशिक भागातली फड पद्धत बघा. पांझरा, मोसम अशा नद्यांवर बंधारे घालून पाटाने पाणी आणायचं आणि शेतकऱ्यांनी पाळीपाळीने घ्यायचं, ही शेकडो वर्षांची व्यवस्था. पाणी कुणा एकाचं नाही. पाळी मात्र ठरलेली. पाळीप्रमाणे पाणी सोडायला पाटकरी असतो. “माझं शेत बंधाऱ्याजवळ आहे, म्हणून आधी सगळं पाणी माझं” असं म्हणता येत नाही.

रीडिंग हॉलची खुर्ची तशीच आहे. हॉस्टेल जवळ आहे म्हणून दिवसभराची खुर्ची तुमची होत नाही. तुमची असते ती पाळी.

ऑस्ट्रम यांच्या अभ्यासातून टिकाऊ नियमांची जी लक्षणं निघतात, ती आपल्या हॉलला लावली तर साधारण असं दिसेल. नियम वापरणाऱ्यांना विचारून ठरलेले असावेत. कुणीतरी फेरी मारून बघणारं हवं. शिक्षा एकदम मोठी नको. पहिल्यांदा चिठ्ठी, दुसऱ्यांदा सामान काउंटरवर, मग चार दिवस प्रवेश बंद, अशी चढत जाणारी हवी. आणि वाद झाला तर तो तिथल्या तिथे, फुकटात मिटवायची सोय हवी. कुलगुरूंपर्यंत अर्ज जायला नको.

[१५:१०] उद्यापासून काय करायचं?

आता कामाच्या गोष्टी.

एक. उठताना बॅगेवर चिठ्ठी ठेवा: “१२:४० ला गेले, १:२० पर्यंत येते.” नियम असो वा नसो. हीच आपली पुठ्ठ्याची चकती. आणि वेळ पाळता येणार नसेल, लेक्चर दोन तासांचं असेल, तर सामान सोबत न्या. लॅपटॉप आणि पाकीट तर कधीच मागे ठेवू नका.

दोन. बॅग दिसली आणि बसायचं असेल, तर शेजाऱ्याला “कुणी बसलंय का?” असं विचारू नका. उत्तर ‘हो’च येणार. “किती वेळ झाला जाऊन?” असं विचारा. त्यावर खरं बोलणं सुरू होतं.

तीन. कुणाचं सामान स्वतः हलवू नका. आपल्याकडे जर्मनीसारखा लेखी नियम नसेल, तर उद्या “माझं घड्याळ गेलं” म्हणून तुमच्यावरच येईल. काउंटरवरच्या कर्मचाऱ्यांना सांगा.

चार, आणि हे सगळ्यात उपयोगाचं. मोजा. दोघी-तिघी मैत्रिणी मिळून एक आठवडा रोज ११, १, ३ आणि ५ वाजता हॉलमधून फेरी मारा. तीनच आकडे लिहायचे: माणूस बसलेल्या खुर्च्या, नुसतं सामान असलेल्या खुर्च्या, पूर्ण रिकाम्या खुर्च्या. कुणाचं नाव नाही, फोटो नाही. ग्रंथपालांकडे “मुलं जागा अडवतात हो” अशी तक्रार घेऊन गेलात, तर “बघू” म्हणतील. आठवड्याचा तक्ता घेऊन गेलात, तर त्यांनाही वर मांडायला काहीतरी हातात मिळतं. सोबत एक पानाचा प्रस्ताव जोडा: उठताना वेळेची चिठ्ठी, ४५ मिनिटांची मुदत, सामान ठेवायला दाराशी रॅक किंवा लॉकर, आणि महिनाभर करून बघायचं.

लॉकरचं विसरू नका. बरीच मुलं जागेसाठी नाही, तर जड सॅक कुठे ठेवायची म्हणून ती टेबलावर ठेवतात.

[१७:००] जाता जाता

आपल्या देशात ग्रंथालयशास्त्राचा पाया घालणारे एस. आर. रंगनाथन १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ साली त्यांनी ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. त्यातल्या पहिल्याचा अर्थ असा की पुस्तकं वापरण्यासाठी असतात, जपून ठेवण्यासाठी नव्हे. हे सांगायची गरज होती, कारण एके काळी युरोपातल्या ग्रंथालयांत पुस्तकं कपाटाला साखळीने बांधून ठेवत. रंगनाथन यांनी या पहिल्या नियमाखाली ग्रंथालयाची जागा, वेळ आणि फर्निचर यांचाही विचार केला आहे. म्हणजे खुर्चीसुद्धा त्यात आली.

पुस्तकांच्या साखळ्या कधीच निघाल्या. आता खुर्च्यांना बांधलेल्या बॅगा सोडवायच्या आहेत आणि ते काम ग्रंथपालांपेक्षा आपल्या हातात जास्त आहे.

तुमच्या विद्यापीठात यासाठी काही नियम आहे का? चालतो का? व्हॉइस नोट पाठवा, निवडक उत्तरं पुढच्या भागात ऐकवेन. आणि हा भाग तुमच्या अभ्यासाच्या ग्रुपवर नक्की टाका. विशेषतः त्या ग्रुपवर, जिथे रोज सकाळी पावणेआठला मेसेज येतो: “माझ्यासाठी पण एक धर ना!”

भेटू पुढच्या आठवड्यात. तोवर अभ्यास करा, आणि उठताना वेळ लिहून जा!